मुलांच्या फुटबॉल संघाचे पालक-मॅनेजर होताय? पहिल्या हंगामासाठी टप्प्याटप्प्याने

माझी दोन्ही लेकरं अंबाजोगाईत फुटबॉल खेळतात. गेली चार वर्षं मी त्यांच्या क्लबच्या १४ वर्षांखालील मुलामुलींच्या संघांची पालक-मॅनेजर आहे. सुरुवातीला हे काम काय असतं ते सांगणारं कुणी भेटलं नाही. मराठवाड्यात कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटचा संघ घेऊन गावोगाव गेलेली माणसं प्रत्येक गल्लीत सापडतात, फुटबॉलची मात्र शोधावी लागतात. चुका करत जे शिकले ते पुढे लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. टीव्हीवर इंग्लंडच्या क्लबांचा जो मॅनेजर दिसतो तो संघ निवडतो, डावपेच ठरवतो. आपलं काम ते नाही. मूल मैदानात उतरेपर्यंत आणि मैदानातून घरी पोहोचेपर्यंत जे जे लागतं, ते बघायचं. आणि ते सगळ्या लेकरांसाठी बघायचं. ज्यांचे आईवडील सोबत येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी तर जास्तच.

१. हो म्हणण्याआधी प्रशिक्षकांसोबत तासभर बसा

कोण खेळणार, कुठल्या जागेवर, किती मिनिटं, हे सगळं प्रशिक्षकांचं. कागद, पैसे, प्रवास, पाणी आणि पालकांचे फोन तुमचे. ही वाटणी वहीत लिहून काढा आणि पालकांच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवा. नाहीतर दुसऱ्याच सामन्यानंतर एखादे वडील तुम्हाला गाठून म्हणतात, "ताई, सरांना सांगा की आमच्या पोराला पुढं खेळवायला." तुमची मैत्री कितीही जुनी असली तरी तो निरोप नेऊ नका.

प्रशिक्षकांना हेही विचारून घ्या: वर्षात कुठल्या कुठल्या स्पर्धा खेळायच्या, मुक्कामाच्या किती, आणि मुलींच्या संघासोबत कोणती बाई जाणार. मुलींच्या संघासोबत जबाबदार बाई असल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नाही.

२. स्पर्धेचं परिपत्रक वाचा, मगच यादी करा

सगळ्या स्पर्धांचे नियम सारखेच असतील असं मी पहिल्या वर्षी धरून चालले होते. प्रत्यक्षात प्रकार वेगवेगळे आहेत.

शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आणि १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असतात. इथे संघ शाळेचा लागतो, क्लबचा चालत नाही. प्रवेशावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का हवा. क्लबमधली मुलं पाच शाळांतली असतील, तर ती पाच संघांत वाटली जाणार हे आधीच समजून घ्या आणि त्या त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटून या.

सुब्रतो कप हीसुद्धा शाळांची स्पर्धा आहे. १९६० पासून चालत आलेली ही स्पर्धा हवाई दलाचे एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने आहे. तिचे वयोगट शालेय स्पर्धेच्या गटांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. त्या वर्षीच्या परिपत्रकात जी जन्मतारखेची अट छापली असेल तीच खरी. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

तिसरा प्रकार संघटनेच्या स्पर्धांचा. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही राज्य संघटना आहे, तिच्या वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत खेळाडूची ऑनलाइन नोंद होते आणि ती एका वेळी एकाच क्लबच्या नावावर असते. म्हणून नवीन मूल आलं की पहिला प्रश्न हा विचारा: "याआधी कुठल्या क्लबमध्ये नोंद होती का?" असेल, तर बदलीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत त्याचं नाव यादीत धरू नका.

याशिवाय उरतात त्या गावोगावच्या खुल्या स्पर्धा, पाचच्या नाहीतर सातच्या संघाच्या. त्यांचे नियम आयोजक ठरवतात. बदली खेळाडू परत मैदानात येऊ शकतो का आणि सामना किती मिनिटांचा, एवढं तरी विचारून घ्या.

३. कागदांची फाइल: इथेच सगळ्यात जास्त घात होतो

प्रत्येक मुलामागे एक प्लास्टिकचं फोल्डर करा. त्यात हे हवं:

- नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, मूळ प्रत बघून घेतलेली झेरॉक्स
- आधार कार्डाची झेरॉक्स
- शाळेचं बोनाफाईड आणि प्रवेश-निर्गम उतारा
- शाळेचं चालू वर्षाचं ओळखपत्र
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो, मागे पेनाने नाव लिहिलेले
- पालकांचं संमतीपत्र
- रक्तगट, दमा, फिट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेला एक कागद

कागद जमा झाले म्हणजे काम झालं असं नाही. ते समोरासमोर ठेवून वाचायचे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. चारही गोष्टी सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर जुळतात का ते बोट ठेवून बघा.

दुसऱ्या वर्षी एका स्पर्धेत आमचा डाव्या बाजूचा मुलगा कागद तपासणीच्या टेबलावरून परत आला. आधारवर एक वर्ष, शाळेच्या उताऱ्यावर दुसरं. दोन्ही तारखा धरल्या तरी तो वयात बसत होता, पण कागद जुळत नाहीत म्हणून त्याचं नाव खोडलं. त्याने पायमोजे वर ओढून आत शिनगार्ड, म्हणजे नडगी वाचवणाऱ्या पट्ट्या, घातले होते, बुटांच्या नाड्यांना दोन-दोन गाठी मारल्या होत्या. तो रेघेच्या बाहेर बसला आणि एकेक गाठ सोडायला लागला. मी जूनमध्ये ते दोन कागद शेजारी ठेवून वाचले असते, तर ती वेळ आली नसती. चूक माझी होती. तेव्हापासून फाइल शाळा उघडायच्या पहिल्या पंधरवड्यात लागते.

आपल्या पिढीत शाळेत नाव टाकताना गुरुजी सरळ १ जून लिहायचे, त्यामुळे अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. मुलांच्या बाबतीत हे खूप कमी झालंय, पण जन्म दाखला न बघता अंदाजे तारीख टाकलेली मुलं अजून भेटतात. दुरुस्ती करायची तर जन्म दाखला पाया धरा. शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन सुरू होते आणि तिला वेळ लागतो. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा आधार केंद्रावर घाई करू नका. तिथे चुकीची तारीख पडली तर पुढे फार धावपळ होते.

आधारचा आणखी एक अडथळा फोटोचा. वयाच्या ५व्या आणि १५व्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यायचे असतात. अनेक घरांत ५ वर्षांचं ते काम राहून गेलेलं असतं. मग तेरा वर्षांच्या खेळाडूच्या कार्डावर कुंची घातलेलं तान्हं बाळ असतं आणि टेबलावरचा माणूस विचारतो, "हा हाच कशावरून?"

वय लपवून मूल खालच्या वयोगटात खेळवा असं सुचवणारेही भेटतील. ऐकू नका. वरच्या पातळीवर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. पण तो एक्स-रे नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण समोरचं लेकरूसुद्धा कुणाचं तरी बारा वर्षांचंच असतं.

४. संमतीपत्रं दसऱ्याच्या आत

हे पुण्या-मुंबईच्या पालकांना कुणी सांगत नाही, आपल्याला मात्र कळायलाच हवं. बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना निघतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलं आजीआजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. नेमक्या त्याच महिन्यांत जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धा येतात आणि सहीला आईवडील गावात नसतात.

म्हणून सप्टेंबरमध्येच पूर्ण हंगामाचं संमतीपत्र घ्या. त्यात कोणत्या स्पर्धा, प्रवासाचं साधन, मुक्काम, आणि गरज पडली तर दवाखान्यात उपचार करून घ्यायला परवानगी, हे सगळं मराठीत, सोप्या शब्दांत असू द्या. आईवडिलांनी आपल्या माघारी कुणाला विचारायचं त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. गावाबाहेरच्या प्रत्येक स्पर्धेआधी त्या माणसाच्या घरी जाऊन सांगून या, फोनवर भागवू नका. एका आजींनी मला ओट्यावर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "म्या कुठं अंगठा उठवू तेवढं सांगा ताई. पोरगं खेळायलंय तर खेळू द्या त्याला." मी त्यांना संमतीपत्र अख्खं वाचून दाखवलं, मगच अंगठा घेतला. शेजाऱ्यांची साक्षीदार म्हणून सही घेतली. अंगठा देणाऱ्या माणसाला कागदात काय आहे ते कळलंच पाहिजे.

५. पैसे

संघाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू देऊ नका. वेगळं बचत खातं किंवा निदान वेगळी डबी आणि वेगळी वही. जमा एका पानावर, खर्च समोरच्या पानावर, बिलाचा फोटो त्याच दिवशी पालकांच्या मोबाईलवरच्या गटात. चहाचे वीस रुपये असले तरी लिहा. पैशांवरून एकदा शंका आली की ती पुसली जात नाही.

ज्यांना वर्गणी जड जाते त्यांची नावं गटात कधीच टाकू नका. आम्ही वर्गणी ठरवताना दोन मुलांचा खर्च सगळ्यांत वाटून टाकतो, कुणाचा ते फक्त मला आणि सरांना माहीत असतं. पाणी, केळी, गाडीचं डिझेल यांसाठी गावातले दुकानदार आनंदाने मदत करतात, फक्त स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी मागायची.

६. सामानाची पिशवी

चेंडूचा आकार बघून घ्या. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना साधारणपणे ४ नंबरचा, त्यापुढे ५ नंबरचा लागतो. पंपासोबत हवेच्या सुया तीन तरी ठेवा, कारण सुई हमखास आतच मोडते. जर्सीचे दोन रंग हवेत. समोरच्या संघाचा रंग सारखा आला तर बदलावं लागतं, आणि गोलकीपरचा रंग सगळ्यांपेक्षा वेगळा लागतो. शिनगार्डशिवाय रेफरी मूल मैदानात घेत नाहीत, त्यामुळे दोन जोड्या जास्तीच्या बाळगा.

बाकीचं: शिट्टी, जास्तीच्या नाड्या, कात्री, चिकटपट्टी, बँडेज, डेटॉल, क्रेप पट्टी, ओआरएसची पाकिटं, कागदी पिशव्या, सॅनिटरी पॅड, दोन टॉवेल, आणि पाण्याचे वीस लिटरचे दोन जार. मैदानावर नळ असेल असं धरून चालू नका. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

आणि एक जुना चमचा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर दहा मिनिटांत बुटाखाली चिखलाचा असा गोळा धरतो की लेकरू दोन इंच उंच दिसायला लागतं आणि पाय उचलत नाही. मध्यंतरात सगळ्यांना ओळीने बसवून स्टडमधला, म्हणजे बुटाच्या तळाच्या खुंट्यांमधला, चिखल चमच्याच्या दांड्याने उकरून काढायचा. उत्तरार्धात मुलं पळताना फरक दिसतो.

७. प्रवास आणि मुक्काम

आमच्याकडून बहुतेकदा क्रूझर जीप भाड्याने ठरते. गाडीचा विमा आणि चालकाचा परवाना आधी बघा, आणि जेवढ्या सीट तेवढीच माणसं. मांडीवर कुणी नाही. ऊस हंगामात रात्रीचा प्रवास टाळा. मागे दिवा नसलेल्या, ऊस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात, त्या जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. आम्ही पहाटे निघण्याऐवजी आदल्या दिवशी दुपारी निघतो आणि मुक्काम करतो, खर्च वाढला तरी.

जालना, परभणी, नांदेड, संभाजीनगर या पट्ट्यात रेल्वे सोयीची पडते. मराठवाडा एक्सप्रेससारख्या दिवसाच्या गाडीने मुलं न थकता पोहोचतात. एसटीत आणि रेल्वेत वयाचा पुरावा मागू शकतात, म्हणून ओळखपत्रं मुलांच्या बॅगेत नकोत, तुमच्याजवळ हवीत.

मुक्कामाची जागा बहुतेकदा शाळेचे वर्ग किंवा मंगल कार्यालय. फोनवर विचारा: मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, आतून कडी लागते का, रात्री दिवा राहतो का. पोहोचल्यावर सगळ्यात आधी तेच जाऊन बघा.

एक नियम मी कधीही मोडू देत नाही. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत राहणार नाही. दोन मोठी माणसं, नाहीतर उघडं दार. मुलाला निरोप द्यायचा तर पालकांच्या गटात, मुलाच्या खासगी नंबरवर नाही. कपडे बदलताना फोटो तर मुळीच नाहीत. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं संरक्षण आहे. काही खटकलं तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो मुलांनाही पाठ करून द्या. पालकांना हा नियम अविश्वासासारखा वाटू शकतो. शांतपणे समजावून सांगा आणि स्वतःलाही तोच नियम लावा.

८. सामन्याचा दिवस

तासभर आधी पोहोचा. खेळाडूंची यादी भरताना जर्सीचा नंबर मुलाच्या पाठीकडे बघून लिहा, आठवणीने नाही. ११ जणांच्या सामन्यात किमान ७ खेळाडू नसतील तर सामना सुरू होत नाही, म्हणून कुणी उशिरा येणार असेल तर सरांना आधीच सांगा.

दागिने सगळे उतरवायचे: बाळी, चेन, कडं, बांगड्या. वर चिकटपट्टी लावून चालवून घेत नाहीत. कान नुकतेच टोचले असतील तर मुलगी अडते, हे पालकांना सुट्टीतच सांगून ठेवा. मात्र डोकं झाकायला हरकत नाही. पटका, हिजाब यांना २०१४ मध्ये खेळाच्या नियमांत मान्यता मिळाली आहे. रंग काळा किंवा जर्सीचाच हवा, कापड घट्ट बसणारं हवं आणि त्यात टोकदार पिन नको. नांदेडची शीख मुलं आणि आमच्या संघातल्या दोन मुस्लिम मुली यांच्यासाठी हे माहीत असणं फार गरजेचं आहे. एखाद्या ठिकाणी कुणी अडवलं तर आवाज न चढवता नियम दाखवा. मी नियमाचं पान छापून फाइलमध्ये ठेवते. शीख मुलांच्या हातातल्या कड्याबाबत रेफरींना आदल्या दिवशीच विचारून घ्या.

ऊन असेल तर सामन्याआधी रेफरींना पाण्याच्या थांब्याबद्दल विचारा. नियमांत पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंतच्या आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांच्या थांब्याची सोय आहे, पण स्पर्धेने ती लागू केलेली असावी लागते.

तुम्ही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसत असाल तर एक लक्षात ठेवा. २०१९ पासून संघाच्या अधिकाऱ्यांनाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. नेमकं कोण ओरडलं ते कळलं नाही तर ते कार्ड मुख्य प्रशिक्षकाला मिळतं.

पालक मैदानाच्या एका बाजूला, रेघेपासून लांब बसवा. "उचलून मार, पुढं मार!" असं दहा जण ओरडत असतील तर मुलाला सरांचं ऐकू येत नाही. टाळ्या वाजवा, नाव घ्या, पण पाय कुठे टाकायचा ते बाहेरून सांगू नका. ही विनंती सामन्याआधी हसतमुखाने करा, चालू सामन्यात केली तर भांडण होतं.

९. लागलं तर

मुरगळलं तर खेळ थांबवा, बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, पाय उंच ठेवा. चोळू नका. आपल्याकडे लगेच कुणीतरी पाय ओढून बसवायला पुढे येतं, त्यांना हात लावू देऊ नका.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलेलं वाटलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी ते पुन्हा खेळणार नाही. अंतिम सामना असला तरी नाही. डॉक्टरांना दाखवा. उन्हाने घाम थांबला, बडबड सुरू झाली, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. निम्म्या पाण्यात दाट केलं तर उलट त्रास होतो.

मग लगेच पालकांना फोन. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

१०. नाराजी

सामना संपल्यावर त्या रात्री खेळण्याच्या वेळेबद्दल कुणाशीही चर्चा करायची नाही, असं आम्ही ठरवलंय. दुसऱ्या दिवशी पालकांनी सरांना थेट भेटायचं. गटात लिहायचं नाही. सकाळपर्यंत निम्म्या तक्रारी आपोआप विरतात आणि ज्या उरतात त्या खऱ्या असतात, त्यांना सरांनीही वेळ द्यायला हवा.

तुमचं स्वतःचं मूल बाकावर बसलं तर? माझी मुलगी एका उपांत्य सामन्यात पूर्ण वेळ बाहेर होती. मी पाण्याच्या बाटल्या भरत राहिले. परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने विचारलं, "आई, तू सरांना काहीच का नाही म्हणालीस?" मी म्हणाले, "आज मी सोळा जणींची मॅनेजर होते." तिला तेव्हा पटलं नाही. माझ्यासाठी या कामातला सगळ्यात अवघड क्षण तोच होता आणि तुमच्यावरही तो येईल.

११. हंगाम संपल्यावर

प्रमाणपत्रांवरची नावं तिथल्या तिथे, गाडीत बसायच्या आधी तपासा. चुकलं असेल तर त्याच टेबलावर बदलून घ्या. शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी लागतात आणि तेव्हा स्पेलिंगवरून अर्ज अडतो. प्रत्येकाची झेरॉक्स त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा, मूळ प्रत घरी द्या.

हिशोबाची वही सगळ्या पालकांसमोर वाचा, शिल्लक सांगा, दोन पालकांच्या सह्या घ्या. जर्सी धुऊन, मोजून, नंबरानुसार बांधून ठेवा. आणि पुढच्या वर्षी हे काम घेणाऱ्या पालकाला उन्हाळ्याच्या सुट्टीतच बोलवा. फाइल, वही, गाडीवाल्याचा नंबर, सुयांचा डबा आणि चमचा, सगळं त्यांच्या हातात द्या. पहिल्या स्पर्धेला त्यांच्यासोबत टेबलापर्यंत जा, कागद मात्र त्यांनाच काढू द्या.